भिंती का पडल्या, हे मुलांना कोण सांगणार?

सतरा सप्टेंबर उजाडला की नांदेड आणि लातूर येथील शाळांच्या पटांगणांत झेंडावंदन होते. मुले स्वच्छ गणवेशात रांगा धरतात, हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते, पाहुण्यांचे भाषण होते, खाऊ वाटला जातो. १९४८ साली याच दिवशी निजामाने माघार घेतली आणि हैदराबाद संस्थानातील मराठी मुलूख भारतात आला. हा दिवस साजरा होतो हे योग्यच आहे. आमचा वाद त्या झेंड्याशी नाही. आमचा वाद आहे तो झेंडावंदन आटोपून घरी परतलेल्या मुलांना आपण ख्रिस्ती पालक आणि धर्मशिक्षक जे सांगतो, आणि विशेषतः जे सांगत नाही, त्याच्याशी.

आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात एकदा एका मुलीने दोन प्रश्न विचारले. पहिला असा, की पोलीस अ‍ॅक्शन झाली म्हणतात, तर ते पोलीस कोठून आले होते? दुसरा असा, की आजीच्या गावात एक मशीद पडकी आहे, ती तेव्हापासूनच पडकी आहे का? पहिल्या प्रश्नाला उत्तर मिळाले : ते पोलीस नव्हते, भारताचे सैन्य होते. दुसऱ्या प्रश्नाला वर्ग घेणाऱ्याने उत्तर दिले, "आज आपला विषय तो नाही. चला, आपण जपमाळ म्हणू या." हे उत्तर देणारा आमच्यापैकीच एक होता. तेव्हा त्याला एकट्याला दोष देऊन आम्ही मोकळे होऊ इच्छित नाही. ते उत्तर आम्हा सर्वांचे होते. पाऊणशे वर्षे आपण तेच देत आलो आहोत.

वाचकहो, याच भूमीत एकदा आपण अगदी वेगळे वागलो होतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरात धरणी हादरली. गणपतीचे विसर्जन करून गावे नुकती निजली होती. सरकारी नोंदीप्रमाणे सुमारे आठ हजार माणसे मेली. तेव्हा कोणी म्हणाले नाही की जखम ताजी आहे, कारणे विचारू नका. उलट शहाण्या माणसांनी पहिला प्रश्न तोच केला : घरे का पडली? उत्तरही मिळाले. मातीत बसवलेल्या गोल दगडांच्या जाडजूड भिंती, त्यांना बांधून ठेवणारे काही नाही, आणि वर माळवदाच्या मातीचा प्रचंड भार. भूकंप तर निमित्त होता; त्या भिंती पूर्वीपासूनच पडण्याजोग्या होत्या. हे कळले म्हणून नव्या गावांतील घरे वेगळ्या पद्धतीने बांधली गेली. आज लातूरच्या शाळेतील मुलालाही हे ठाऊक आहे.

मग १९४८ साली माणसामाणसांमधील ज्या भिंती कोसळल्या, त्या कशा बांधलेल्या होत्या, हे त्याच मुलाला का ठाऊक असू नये? आमचे म्हणणे एवढेच आहे, की त्या यादवीची कारणे मुलांना शिकविणे हे धर्मशिक्षणाचे काम आहे. आणि ते टाळणे याला सावधपणा म्हणता येणार नाही. ती कर्तव्यातील चूक आहे.

यादवी हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरतो. कोणी त्या घटनांना मुक्तिसंग्राम म्हणतात, कोणी पोलीस अ‍ॅक्शन. दोन्ही नावांत सत्याचा अंश आहे. निजामाच्या राजवटीत सभा घेण्यास, खाजगी शाळा काढण्यास जाचक बंधने होती. त्यांविरुद्ध स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्यांनी दिलेला लढा हा मुक्तीचाच लढा होता. आणि १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले, पाच दिवसांत मोहीम संपली, हेही खरे. परंतु गावागावांत शेजाऱ्याने शेजाऱ्याचे घर जाळले, त्याला तिसरे नाव हवे. एकाच विहिरीचे पाणी पिणारी माणसे जेव्हा एकमेकांच्या जिवावर उठतात तेव्हा मराठीत त्याला यादवी म्हणतात.

या यादवीचे दोन भाग आहेत, आणि दोन्ही एकत्र सांगितल्याखेरीज एकही खरा सांगितला असे होत नाही.

पहिला भाग असा. लातूरला वकिली करणारा कासिम रझवी १९४६ साली इत्तेहादुल मुसलमीनचा अध्यक्ष झाला आणि रझाकारांची सशस्त्र दले गावोगावी फिरू लागली. त्याच वर्षी नांदेड जिल्ह्यात बिलोली भागातील लोकप्रिय कार्यकर्ते गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. पुढील दोन वर्षांत लूट, जाळपोळ, खून आणि स्त्रियांची विटंबना यांनी सरहद्दीवरील गावे ओस पडू लागली. हजारो कुटुंबे बार्शी, उमरखेड अशा संस्थानाबाहेरील ठिकाणी आश्रयाला गेली. हे अत्याचार खरे आहेत. ज्यांनी सोसले त्यांच्या नातवंडांना ते ऐकण्याचा हक्क आहे. आणि ऑगस्ट १९४८ मध्ये ज्या पत्रकाराला हैदराबादेत रझाकारांविरुद्ध लिहिल्याबद्दल मारण्यात आले, तो 'इमरोज'चा संपादक शोएबुल्ला खान स्वतः मुसलमान होता, हेही त्यांनी ऐकले पाहिजे.

दुसरा भाग सतरा सप्टेंबरनंतर सुरू होतो, आणि भाषणे तेथेच थांबतात. रझाकारांच्या पापाची शिक्षा ज्यांनी कधी हातात काठीही घेतली नव्हती अशा मुसलमानांना भोगावी लागली. पंडित जवाहरलाल नेहरू यांनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांना चौकशीसाठी धाडले. त्यांनी नोव्हेंबरच्या अखेरीपासून डिसेंबर १९४८ पर्यंत संस्थानातील १६ पैकी ९ जिल्हे पालथे घातले आणि सावधपणे अंदाज दिला, की निदान २७ ते ४० हजार माणसे मेली असावीत. उस्मानाबाद (आजचे धाराशिव), गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना सर्वाधिक झळ पोहोचली होती. तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात असलेल्या लातूर शहराविषयी त्यांनी लिहिले, की तेथे वीस दिवसांहून अधिक काळ हत्या चालू होत्या; सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार शहरात उरले होते, हजारावर मारले गेले आणि बाकीचे जीव घेऊन पळाले होते. काही ठिकाणी सैनिक आणि पोलीसही सामील होते, असेही त्यांनी नोंदविले. हा अहवाल शासनाने अनेक दशके प्रसिद्ध केला नाही. त्यातील आकड्यांविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, ते असोत. संख्या निम्मी मानली तरी आपले मौन निम्मे होत नाही.

त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आम्हांला मुलांच्या दृष्टीने सोन्यासारखी वाटते. काही गावांत हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकर बांधवांना जमावापासून वाचविले, प्रसंगी स्वतःचे प्राण देऊन. पळवून नेलेल्या स्त्रियांना परत आणण्यासाठीही अनेक हिंदूंनी मदत केली. यांचे पुतळे नाहीत. चांगल्या शोमरोनी माणसाचा दाखला शिकविताना आपण वर्गात जी चित्रे रंगवून घेतो, त्यांत एक माग आणि एक विणकर का असू नये?

आता कारणांकडे वळू. आपल्याकडे कारणे सांगण्याची सोपी रीत ठरलेली आहे : ते तसेच होते, म्हणून तसे झाले. हे कारण नव्हे, ही शिवी आहे. खरी कारणे भिंतीतल्या दगडांसारखी एकेक मोजून दाखविता येतात.

पहिला दगड जमिनीचा. संस्थानातील सुमारे चाळीस टक्के जमीन जहागिरदारांकडे आणि सर्फेखास म्हणून खुद्द निजामाकडे होती. उरलेल्या मुलखातही देशमुख, वतनदार आणि सावकार यांचा पाश होता. ते बहुतांशी हिंदू होते. वेठ आणि कर्ज यांखाली कूळ दबले होते, मग ते कोणत्याही धर्माचे असो. दुसरा दगड भाषेचा. सरकारी कारभार उर्दूत. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणही उर्दूत. मराठी, तेलुगू किंवा कानडी घरातील मुलाला आपल्याच गावात परके होऊन शिकावे लागे. तिसरा दगड नोकऱ्यांचा : प्रजेत बहुसंख्य हिंदू, तर पोलीस, सैन्य आणि वरिष्ठ अधिकारपदे यांत वर्चस्व मुसलमान उच्चवर्गाचे. चौथा दगड पोकळ अभिमानाचा. टांगा हाकणाऱ्या, माग चालविणाऱ्या गरीब मुसलमानाला त्या सत्तेतून भाकरीचा तुकडाही मिळत नव्हता. मात्र 'अनलमलिक', म्हणजे राजा तो मीच, ही घोषणा त्याच्या कानात भरण्यात आली. ज्याच्या हाती काहीच नाही त्याला सिंहासनाचे स्वप्न विकणे फार सोपे असते. पाचवा दगड भीतीचा. १९४७ च्या फाळणीने दोन्ही बाजूंचे निर्वासित आणि अफवा संस्थानात लोटल्या. जैसे थे कराराच्या त्या वर्षात कोण उद्या कोणाचा राजा होणार हेच कोणाला ठाऊक नव्हते. या पाच दगडांवर सूडाचा भार पडला, आणि भिंत कोसळली.

कोसळली ती कोणावर, हेही मुलांनी पाहावे. निजाम मीर उस्मान अली २६ जानेवारी १९५० रोजी त्याच हैदराबाद राज्याचे राजप्रमुख झाले आणि १९५६ पर्यंत त्या पदावर राहिले. कासिम रझवी तुरुंगवास भोगून १९५७ साली पाकिस्तानात निघून गेला. मेले ते रझाकारांनी लुटलेल्या गावांतील शेतकरी, आणि मेले ते लातूरचे व्यापारी, विणकर, मजूर. राजवाड्याची भिंत पडली नाही. पडल्या त्या मातीच्या.

येथे सुज्ञ पालकांचे आक्षेप आम्हांला ऐकू येतात. ते प्रामाणिक आहेत, म्हणून त्यांना उत्तर देणे प्राप्त आहे.

पहिला आक्षेप : मुले लहान आहेत. खरे आहे. पण त्याच लहान मुलांना आपण निरपराध बालकांची हत्या करविणाऱ्या हेरोदाची गोष्ट सांगतो, काट्यांचा मुकुट आणि खिळे दाखवितो, क्रूसाच्या वाटेवर चौदा ठिकाणी गुडघे टेकायला लावतो. आपला विश्वासच एका अन्यायी वधाच्या आठवणीभोवती उभा आहे. मुलांना हिंसेची गोष्ट सांगू नये असे म्हणणाऱ्याने आधी वेदीवरचा क्रूस उतरवावा. शिवाय आपण न सांगितल्याने मूल अजाण राहत नाही. ते खिशातल्या मोबाइलवरून ऐकते, कोपऱ्यावरच्या टोळक्यात ऐकते. आणि तेथे त्याला कारणे मिळत नाहीत, फक्त शत्रू मिळतो.

दुसरा आक्षेप : आपण मूठभर आहोत, ते भांडण दोघांचे होते, आपण मध्ये का पडावे? हा आक्षेप भीतीतून येतो, आणि भीतीची चेष्टा आम्ही करणार नाही. पण पिलाताने हात धुतले तेव्हा त्याचेही म्हणणे हेच होते, की हे भांडण माझे नव्हे. त्याचे नाव आपण दर रविवारी श्रद्धाप्रकटनात उच्चारतो. आपण अल्पसंख्य आहोत म्हणूनच हे काम आपल्याला जमण्याजोगे आहे. त्या यादवीत आपल्या नावावर मुख्य पक्षाची बाजू नव्हती; दोन्ही घरांच्या ओसरीवर बसून दोन्ही आज्यांचे ऐकणे आपल्या मुलाला शक्य आहे. ही मोकळीक देवाने दिलेली आहे. ती मौनात पुरून ठेवणे म्हणजे मिळालेला तलांत जमिनीत पुरणे होय.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे : दोन्ही बाजू सांगितल्या की रझाकारांचे पाप हलके होते. आम्ही म्हणतो, होत नाही. पापाचे वजन शेजारी दुसरे पाप ठेवल्याने घटत नाही, हे आपल्याला समेटाच्या संस्कारानेच शिकविले आहे. तेथे आपण दुसऱ्याच्या चुका सांगायला जात नाही. मला चिडविले म्हणून मी मारले, असे मूल म्हणू लागले तर धर्मगुरू त्याला प्रेमाने थांबवितात आणि विचारतात, तू काय केलेस? चिडविणे हे कारण ठरते; क्षमा त्याने मिळत नाही. कारण समजणे आणि निर्दोष ठरविणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे जगातल्या कोणत्याही शाळेपेक्षा आपल्या मुलांना लवकर कळावे, कारण पहिल्या कम्युनियनच्या आधीच ती हे शिकतात.

चौथा आक्षेप असा, की धर्मशिक्षण म्हणजे प्रार्थना, आज्ञा आणि संस्कार. इतिहास शाळेने शिकवावा. असे म्हणणाऱ्यांनी पवित्र शास्त्र पुन्हा उघडावे ही आमची नम्र विनंती. काईनाने हाबेलाला मारल्यानंतर देव त्याला जाब विचारतो, हे सर्वांना आठवते. पण त्याआधी, खून होण्यापूर्वी, देव त्याला विचारतो की तू का संतापला आहेस. पहिल्या भावाच्या रक्तापूर्वी पहिला प्रश्न कारणाचा आहे, आणि तो स्वतः देवाने विचारला आहे. पुढे शलमोनाच्या मृत्यूनंतर इस्राएलाचे राज्य दुभंगले, ते का, हे राजांच्या पहिल्या पुस्तकात स्पष्ट लिहिले आहे : लोकांनी वेठीचे ओझे हलके करा अशी याचना केली, वृद्धांनी राजा रहबामाला ऐकण्याचा सल्ला दिला, त्याने तरुण सोबत्यांचे ऐकून ओझे वाढविले, आणि दहा वंश निघून गेले. वेठ, कर, उद्दाम सल्लागार! यात मराठवाड्याच्या माणसाला अनोळखी काय आहे? नाबोथाचा मळा तर जमिनीचाच तंटा.

आणि शास्ते या पुस्तकाचा शेवट मोठ्या मुलांनी जरूर वाचावा. गिबा नगरात घोर अपराध घडला. अपराध खरा होता, संतापही खरा होता. परंतु बन्यामीन वंशाने अपराध्यांना स्वाधीन केले नाही, आणि इस्राएलाने शिक्षा म्हणून तो सारा वंशच जवळजवळ संपविला. मग तेच विजेते बेथेलला देवापुढे बसून मोठ्याने रडले, की आमच्यातला एक वंश आज नाहीसा झाला. शास्त्रलेखकाने हा भाग लपविला नाही. स्वतःच्या लोकांची लाज त्याने स्वतःच्या पवित्र ग्रंथात लिहून ठेवली. गिब्याच्या अपराधाच्या जागी रझाकार ठेवा आणि बन्यामिनाच्या जागी लातूरचे ते दहा हजार ठेवा. मग सांगा, या पुस्तकाचा आपल्या जिल्ह्याशी संबंध नाही काय? एकच फरक आहे. बेथेलचे ते रडणे अद्याप आपल्याकडे झालेले नाही.

आक्षेपकांना उत्तर दिल्यावर आता स्वतःलाही दोन गोष्टी सुनावल्या पाहिजेत. श्रद्धेच्या नावाने हा विषय बिघडविण्याचे दोन मार्ग आहेत, आणि आपण दोन्ही चोखाळले आहेत.

एक मार्ग म्हणजे सर्व काही सैतानावर ढकलणे. माणूस पापी आहे, सैतानाने बुद्धी फिरविली, प्रार्थना करा, धडा संपला. असे शिकविणे ऐकायला धार्मिक वाटते, पण त्यात जहागीर नाही, भाषा नाही, कर्ज नाही, अफवा नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८७ च्या आपल्या परिपत्रकात पापाच्या सामाजिक रचनांविषयी लिहिले. माणसाचे पाप व्यवस्थेत साचत जाते आणि मग ती व्यवस्था पुढच्या माणसाला पापाकडे ढकलते, हा त्याचा आशय. म्हणजे दगडांचा हिशेब मागण्याची मुभा ख्रिस्तसभेनेच दिली आहे. तेव्हा आळसाला भक्तीचे नाव देऊ नये.

दुसरा मार्ग अधिक घातक आहे. तो म्हणजे, पाहा, त्यांच्या धर्मांत असे होते, आपला धर्म प्रेमाचा आहे, असे मुलांच्या मनात हळूच भरविणे. असे बोलणाऱ्यांना आम्ही एकच शब्द सांगतो : रुआंडा. तो देश बहुसंख्य ख्रिस्ती, त्यातही कॅथलिकांची संख्या मोठी. एप्रिल १९९४ पासून सुमारे शंभर दिवसांत तेथे आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली. मारणारे आणि मरणारे एकाच वेदीपुढे गुडघे टेकत होते. आश्रयासाठी चर्चमध्ये शिरलेली माणसे चर्चमध्येच कापली गेली, आणि काही धर्मगुरूही त्या पापात सामील झाले. मार्च २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्याबद्दल देवाजवळ क्षमा मागितली. त्या देशात धर्मशिक्षणाचे वर्ग नव्हते असे नाही. तेथील मुलांना दहा आज्ञा पाठ होत्या. वसाहतवादी सत्तेने हुतू आणि तुत्सी यांच्या ओळखपत्रांवर जी भिंत बांधली, ती मात्र आज्ञांच्या पाठांतराने ढासळली नाही.

आणि हे सारे जुने झाले, असे कोणी म्हणू नये. कारणे न शिकणाऱ्या मराठवाड्याला १९४८ नंतर तीसच वर्षांनी त्याची किंमत मोजावी लागली. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला, आणि नांदेड, परभणीसह अनेक जिल्ह्यांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले. घरे जळाली. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ हा दिवस उजाडावा लागला. या वेळी दोन धर्म समोरासमोर नव्हते. म्हणजे धर्मभेद हेच एकमेव कारण असते ही समजूतही येथे गळून पडते. दगड मात्र ओळखीचे होते : जमीन, नोकरी, दुखावलेला अभिमान, भीती.

या वेळी आपण केवळ पाहणारेही नव्हतो. मराठवाड्यातील धर्मग्रामांत ज्यांची मुळे त्याच वस्त्यांत आहेत अशी कितीतरी कुटुंबे आहेत. झोपडी पेटविणाऱ्याने आधी दारावर क्रूस आहे की बुद्धाची तसबीर, हे पाहिले असते असे मानण्यास काहीही आधार नाही. तरीही आपल्या घरांत १९७८ विषयी कुजबुजण्यापलीकडे काही बोलले जात नाही. जो स्वतःवरचा घाव मुलाला सांगत नाही, तो शेजाऱ्यावरचा घाव कसा सांगणार?

केवळ टीका करून थांबणे आम्हांला शोभणार नाही. काय करता येईल, हे मोजक्या शब्दांत मांडतो.

आठ-दहा वर्षांच्या मुलांना आकडे नकोत. त्यांना काईनाला देवाने विचारलेला तो पहिला प्रश्न द्यावा, आणि जिवावर उदार होऊन शेजाऱ्याला वाचविणाऱ्या विणकराची गोष्ट द्यावी. अकरा ते तेरा वयाच्या मुलांसमोर फळ्यावर भिंत काढावी; प्रत्येक दगडावर एक कारण लिहावे, आणि यांपैकी कोणता दगड आज आपल्या गल्लीत, आपल्या शाळेत दिसतो, ते त्यांनाच शोधू द्यावे. चौदा वर्षांपुढील मुलांना दोन्ही भाग पूर्ण सांगावेत. रझाकारांचे अत्याचार आणि सुंदरलाल समितीचा अहवाल एकाच तासाला, एकाच बाकावर. वर्गात एक नियम पाळावा : 'ते लोक' हा शब्द उच्चारायचा नाही. कोण, कोणत्या गावचा, काय धंदा करणारा, हे सांगता आले तरच बोलायचे. ज्याचा धंदा आणि गाव आपण जाणतो त्याचा सरसकट द्वेष करणे कठीण जाते.

त्यांना वृद्धांकडे पाठवावे. १९४८ साली जे दहा वर्षांचे होते ते आज नव्वदीकडे झुकले आहेत. दर पावसाळ्यात त्यांतले काही निघून जातात. हिंदू आजोबांकडे जावे, मुसलमान आजीकडे जावे, आपल्याही घरातील म्हाताऱ्या माणसाला विचारावे की त्या दिवसांत आपण कोठे होतो, कोणाला दार उघडले आणि कोणाला नाही. उत्तर लाजिरवाणे निघाले तर निघू द्यावे. तपासणी, पश्चात्ताप, निश्चय, निवेदन, प्रायश्चित्त ही पायरी-पायरीची वाट मुलांना पाठ आहेच; ती घराण्याला आणि गावालाही लागू पडते, एवढेच त्यांना दाखवावयाचे आहे.

आणि याला दिवस कोणता? तो शोधण्याची गरज नाही. सैन्य शिरले १३ सप्टेंबरला, लढाई थांबली १७ सप्टेंबरला. मधल्या १४ तारखेला ख्रिस्तसभा पवित्र क्रूसाचा सण पाळते आणि १५ तारखेला दुःखी मातेचे स्मरण करते. १९४८ सालीही ते दोन दिवस पंचांगात याच ठिकाणी होते. १७ तारखेला आपल्या मुलांनी ताठ मानेने झेंड्याला वंदन करावे. पण १५ तारखेला प्रत्येक धर्मग्रामात रझाकारांनी मारलेल्यांसाठी आणि रझाकारांच्या नावाखाली मारल्या गेलेल्यांसाठी, दोघांसाठी, एकच मिस्सा अर्पण व्हावी. मुलाचे प्रेत मांडीवर घेतलेल्या मातेपुढे मुलाची जात आणि धर्म विचारण्याचे धाडस कोणाला होईल?

त्या मुलीचा दुसरा प्रश्न अजून तसाच आहे. ती मशीद केव्हा पडली, हे आम्हांला त्या दिवशी ठाऊक नव्हते. आम्ही शोधलेही नाही. आता शोधायचे ठरविले आहे. त्या गावी जाऊन विचारायचे, आणि जे कळेल ते वर्गात तिला सर्वांसमोर सांगायचे. जपमाळ त्यानंतर म्हणू. कदाचित ती अधिक मनापासून म्हटली जाईल.